छपरातलं बिऱ्हाड

सिंगापूरला ऋतू नाहीत असं नवीन आलेली मंडळी म्हणतात. पहिली दोन वर्षं मीही म्हणत असे. मग हळूहळू कळायला लागतं. जून उजाडला की शाळांना सुट्टी लागते, मार्केटच्या कडेला काटेरी ड्युरियन फळं विकणारे ताडपत्र्या ताणून टेबलं मांडतात, आणि आमच्या सेंगकांगच्या ब्लॉकखाली बाकावर बसलेल्या आजीबाई रांबुतान सोलत, लाल केसाळ सालं पिशवीत गोळा करत असतात. परवा लिफ्टमध्ये एकीच्या पिशवीतून पिकल्या चिकूचा वास आला. आजीबाई मधेच उतरल्या, वास राहिला. चौदाव्या मजल्यावर दार उघडलं तरी बाहेर पडायचं मला सुचलं नाही. लिफ्ट माझ्यासकट पुन्हा खाली गेली.

त्या वासाने आठवला तो जून तीन वर्षांपूर्वीचा. तेव्हा आम्ही बेडोकच्या पुढे, जुन्या बैठ्या घरांच्या एका ओळीत भाड्याने राहत होतो. वर उतरतं कौलारू छप्पर, त्याखाली पांढऱ्या फळ्यांचं सीलिंग, मागे अंगणाची चिंचोळी पट्टी आणि पलीकडे शेजाऱ्यांचा आंबा, चिकू, रांबुतान. फळं त्यांची आणि सावली आमची, असा न बोलता झालेला करार होता. माझा नवरा समीर त्या सहा महिन्यांत कामासाठी जकार्ताला होता. घरात मी आणि दहा वर्षांची इरा. मे महिन्यात माझे वडील, अण्णा, आले.

आई जानेवारीत गेली होती. रत्नागिरीच्या हॉस्पिटलमधून अण्णांचा फोन आला तेव्हा मी हार्बरफ्रंटच्या ऑफिसात एका जहाजाच्या कागदपत्रांत गुंतले होते. "जमलं तर येऊन जा," ते म्हणाले. मी म्हटलं, "पंधरा दिवसांनी सुट्टी मिळतेय, तेव्हा येते." नवव्या दिवशी आई गेली. मी पोचले तेव्हा अण्णा पडवीत बसले होते. "ती गेली गं," एवढंच म्हणाले आणि माझ्या हातातली बॅग घेऊन आत ठेवायला उठले. त्यानंतर त्या पंधरा दिवसांचा विषय त्यांनी कधीच काढला नाही. त्यांनी काढला असता तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं.

अण्णांनी संगमेश्वराकडच्या डोंगरातल्या वाड्यांवर आयुष्यभर टपाल वाटलं. रोजची पायपीट. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या भावांच्याही दोन्ही दारांत ते बसत, पाणी पीत, आणि इकडचं तिकडे न करता उठत. असा माणूस माझ्या घरात खुर्चीवर हात जुळवून बसायला लागला. सकाळी पोस्टमन मोटारसायकलवरून यायचा तेव्हा फाटकाशी जाऊन उभे राहायचे. भाषा नव्हती. तो हेल्मेट हलवायचा, हे हात वर करायचे. दिवसातलं त्यांचं बोलणं जवळजवळ तेवढंच.

मग एका सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "आंबेमोहोर लावलायस का?"

मी चहा करत होते. भाताचा पत्ता नव्हता. पण वास खरंच येत होता, ओलसर, गोडसर, शिजत्या सुवासिक तांदळासारखा. इथे पांदानची पानं घालून भात करतात, त्याचाही असाच वास असतो. मी म्हटलं, शेजारी कुणी करत असेल. अण्णांनी मान वर केली आणि स्टोअररूमपर्यंत वास घेत गेले. परत आले ते वेगळेच होऊन. डोळ्यांत काहीतरी हललं होतं. "कांडेचोर आहे तुझ्या छपरात," ते म्हणाले.

पुस्तकात त्याला उदमांजर म्हणतात, इथे मुसांग. रात्री हिंडणारा, लांब शेपटीचा, फळं खाणारा प्राणी. इराने लगेच टॅबलेटवर शोधलं, पण जी माहिती आली ती सगळी अमेरिकेतल्या रकूनची होती. घराजवळ रकून आहे हे कसं ओळखावं, कचऱ्याचा डबा कसा तपासावा, वगैरे. "आबा, इट्स लाइक रकून, इज इट?" तिने चित्र दाखवलं. अण्णांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "हा कुणी पाहुणा दिसतोय. आपला याच्याहून लांबट. चल, दाखवतो."

तिथून त्या दोघांच्या सकाळी सुरू झाल्या. कुंपणाच्या भिंतीवर एका ठरावीक जागी बियांनी भरलेली विष्ठा असायची, चिकूच्या काळ्या चकचकीत बिया अख्ख्याच्या अख्ख्या. अण्णा काडीने त्या वेगळ्या करून इराला दाखवायचे. पन्हळीच्या पाइपवर एक काळपट, तेलकट पट्टा चढत गेला होता. रोज तेच अंग घासून जातं म्हणून. रांबुतानच्या सालीवर नखांचे बारीक ओरखडे. आंबे झाडावरच लटकलेले, अर्धे खाल्लेले, कोय उघडी. "वटवाघूळ खातं तेव्हा चोथा टाकतं," अण्णा सांगायचे, "याने तसं केलेलं नाही, बघ." तिन्हीसांजेला ते पाइपखालच्या फरशीवर तांदळाचं पीठ पातळ भुरभुरवत, आणि सकाळी इरा दात न घासता तिकडे धावत असे. मांजराच्या पावलात चार बोटं उमटतात, याच्या पाच. तिने पहिल्यांदा पाच मोजली तेव्हा अण्णांनी तिला हस्तांदोलन केलं, मोठ्या माणसाला करतात तसं.

इरा एरवी मराठीला इंग्लिशमध्ये उत्तर देते. त्या दिवसांत 'पन्हळ', 'ओरखडा', 'चोथा' असे शब्द तिच्या तोंडी आले होते. "आई, डोन्ट वॉश द फरशी, आबा सेड कॅनॉट," असं मला बजावून दप्तर घेऊन शाळेला पळायची. अण्णा जेवायला लागले होते. एकदा तर आईची आठवण काढून हसले. आमच्या गावच्या माळ्यावर कांडेचोराची मादी व्याली होती, तेव्हा आई महिनाभर भातही हळू आवाजात कांडायची, असं काहीतरी त्यांनी इराला सांगितलं, आणि हळू आवाजात कांडायचं कसं ते करून दाखवलं.

पिल्लं आहेत हे त्यांना जूनच्या पहिल्या आठवड्यात कळलं. स्टोअररूममध्ये कान देऊन उभं राहिलं की वरून बारीक चिवचिव येई, पक्ष्यासारखी पण खालच्या पट्टीत. मीही ऐकली. अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला तिथे उभं केलं होतं.

त्याच आठवड्यात घरमालकीण आल्या. मिसेस टॅन तशा सभ्य बाई, पण हॉलच्या सीलिंगवर पिवळा डाग दिसल्यावर त्यांचा चेहरा बदलला. भाडेकराराचं नूतनीकरण जुलैत होतं. शनिवारी कागद घेऊन येते, त्याआधी छपराच्या कडेचं भोक बुजवून घ्या, माझा माणूस पाठवते, असं सांगून त्या गेल्या. दुसरे भाडेकरू विचारत आहेत, हे जाता जाता म्हणाल्या. इराची शाळा तिथून चालत पाच मिनिटांवर होती. समीर इथे नव्हता. ऑफिसात आमच्या विभागातली माणसं कमी होणार अशी कुजबुज होती, आणि इथे राहायचा माझा पास त्या नोकरीवर होता. हे सगळं खरं आहे. हे सगळं मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता ते पाठ म्हटल्यासारखं वाटतं.

अण्णांना सांगितल्यावर ते म्हणाले, "पंधरा दिवस थांब म्हणावं बाईंना. पिल्लांचे डोळे उघडून ती चालायला लागली की आई स्वतःच त्यांना दुसरीकडे नेते. मग खुशाल बुजवा."

पंधरा दिवस हा आकडा त्यांनी सहज काढला होता. मी मात्र त्यांच्याकडे पाहू शकले नाही. "बघते," मी म्हटलं.

गुरुवारी मी रजा टाकली. सुट्टी लागलीच होती, तेव्हा अण्णांना आणि इराला समुद्राकाठच्या बागेत पाठवलं, डबा देऊन. अकराच्या सुमारास मिसेस टॅननी पाठवलेला माणूस आला. साठीचा, काटकुळा, खांद्यावर शिडी. मी त्यांना अंकल म्हटलं, इथे सगळे म्हणतात तसं. त्यांनी पाइपवरचा पट्टा पाहिला, वास घेतला, हसले. "मुसांग," म्हणाले. मग शिडीवर चढून छपराच्या कडेला काठी आपटली. थोड्या वेळाने एक लांब काळसर शेपटी पन्हळीवरून सरसरत गेली आणि आंब्यात दिसेनाशी झाली.

अंकल शिडीवरून खाली वाकले. "मॅडम, इनसाइड गॉट बेबी ऑर नॉट?"

मी शिडी धरून खाली फरशीकडे पाहिलं.

"इफ गॉट, आय डोन्ट क्लोज, लह. पिटीफुल. मस्ट कॉल पीपल, वेट वन-टू वीक." पिल्लं असतील तर मी बुजवत नाही, दया येते, माणसं बोलवावी लागतील, आठवडा-दोन आठवडे थांबावं लागेल, एवढं सगळं त्यांनी नीट सांगितलं. वर चढलेला माणूस, ऊन डोक्यावर, तरी त्यांनी विचारलं आणि उत्तरासाठी ते थांबले.

"नो," मी म्हटलं. "नथिंग इनसाइड."

त्यांनी जाळी ठोकली, सिमेंट लावलं, फरशी स्वतः झाडून दिली. पाणी विचारलं तर नको म्हणाले. अण्णा आणि इरा परतले तेव्हा अंधार पडला होता, अण्णांनी वर न पाहताच पीठ भुरभुरवलं.

शुक्रवारी सकाळी इरा धावत आत आली. पिठात पावलंच पावलं होती, इतकी की पीठ उरलं नव्हतं. पाइपपासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून पाइपपर्यंत, फेऱ्यांवर फेऱ्या. ओल्या सिमेंटवर नखांनी ओढलेल्या रेघा होत्या. अण्णा बराच वेळ वर पाहत राहिले.

"हे कधी झालं?"

"काल. मिसेस टॅननी माणूस पाठवला होता."

"त्याने आत बघितलं?"

"बघितलं असेल."

"त्याने विचारलं नाही तुला काही?"

"नाही," मी म्हटलं आणि ऑफिसला निघून गेले. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, मी इराला जवळ घेतलं नव्हतं, डबा विसरले होते.

संध्याकाळी घरी आले तर अण्णा जेवणाचं टेबल स्टोअररूममध्ये ओढून त्यावर उभे होते. सीलिंगला एक चौकोनी झाकण होतं, रंगाखाली बुजलेलं. ते उचकटायला त्यांना अख्खी दुपार लागली होती. बोटं सोललेली. छपराखाली दिवसभर तापलेली हवा कोंडली होती, ती तोंडावर आली. पिल्लं तीन होती. दोन गेलेली. तिसऱ्याचं पोट हलत होतं. अण्णांनी ते आपल्या पंच्यात घेतलं आणि छातीशी धरून टेबलावरून उतरले, माझा आधार न घेता.

प्राण्यांची सुटका करणाऱ्या स्वयंसेवकांचा नंबर मीच शोधला. तासाभरात एक तरुण मुलगी खोका घेऊन आली. गाईचं दूध दिलं नाही ना, विचारलं. पंचा राहू द्या, त्याला वासाची सवय झालीय, म्हणाली. अण्णांनी तिला हात जोडले. दोन पिल्लं त्यांनी आणि इराने आंब्याच्या बाजूला कुंपणाशी पुरली. शनिवारी मिसेस टॅन आल्या, सीलिंग पाहिलं, सह्या झाल्या.

सोमवारी त्या मुलीचा मेसेज आला. पिल्लू पहाटे गेलं होतं. तिने फार सांभाळून लिहिलं होतं. तेवढ्यात अण्णांनी विचारलं, "काय म्हणतायत?" मी म्हटलं, "दूध पितंय म्हणे." त्यांचा चेहरा असा सैल पडला की ते वाक्य परत घ्यायची माझी हिंमत झाली नाही. नंतर रोज विचारत. मी रोज थोडं वाढवत गेले.

पण सगळ्यांत जास्त आठवतो तो त्यापुढचा रविवार. आम्ही तिघं बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, प्राटा म्हणजे इथला पराठा खात बसलो होतो. समोरून ते अंकल आले, हातात कॉफीची पिशवी. मला पाहून थांबले. "मॅडम, सीलिंग ओके, आह?"

"ओके," मी म्हटलं.

"आई, इज धिस द अंकल?" इराने विचारलं. मी मान हलवली. अण्णांना इंग्लिश येत नव्हतं, पण 'सीलिंग' एवढा शब्द त्यांना पुरला.

"फादर, आह?" म्हणत अंकलनी हात पुढे केला. अण्णांनी आपले दोन्ही हात टेबलाखाली घेतले आणि तोंड फिरवलं. अंकलचा हात हवेत राहिला, मग त्यांनी तोच हात टेबलावर हलकेच थोपटला. "ईट, ईट," म्हणाले आणि गेले. माणूस पाठीतून वाकलेला नव्हता, तरी मला वाटलं, ते जरा वाकून गेले.

"एकदा विचारलं असतं तर तोंड झिजलं नसतं त्याचं," अण्णा म्हणाले.

उभ्या आयुष्यात त्यांना कुणाच्या समोर तोंड फिरवताना मी पाहिलं नव्हतं. ते त्यांनी माझ्यासाठी केलं, माझ्या जागी दुसऱ्या माणसाला बसवून. मी प्राट्याचा तुकडा आमटीत बुडवला आणि खाल्ला. चव आठवते. त्या दिवशी आमटी खारट झाली होती.

जूनअखेर अण्णा परत गेले. नंतर फोनवर पिल्लाची चौकशी असायचीच. "आता केवढं झालं असेल?" मी सांगितलं, मोठं झालं, सोडलं झाडीत. ते गावात सगळ्यांना सांगत सुटले. पुढच्या वर्षी या म्हटलं तर "बघू" म्हणाले. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर आठ दिवसांनी, अंगणात चालता चालता ते बसले आणि उठलेच नाहीत. मी गेले. दारात जमलेल्या बायकांपैकी एकीने माझा हात धरून सांगितलं, "तिकडे जाऊनसुद्धा एक जीव वाचवून आले गं तुझे अण्णा." मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. तिला वाटलं, मी अण्णांसाठी रडतेय. तेही होतंच.

आम्ही घर बदललं. उंचावर राहायला आलो. इथे छपरात कुणी राहू शकत नाही, वर आणखी दोन मजले माणसंच आहेत. कुणी विचारलं तर मी एमआरटीचं स्टेशन जवळ आहे म्हणून आलो असं सांगते.

आणि आता हा जून. इरा तेरा वर्षांची आहे. तिला सुट्टीत इंग्लिश निबंध लिहायचा होता, पाहिलेल्या एखाद्या निष्काळजीपणाबद्दल. गेल्या रविवारी दुपारी तिने वही माझ्यासमोर ठेवली. "आई, चेक धिस." तिने तो गुरुवार लिहिला होता. न विचारता भोक बुजवणारा माणूस. टेबलावर चढलेले आबा. दोन पिल्लं पुरली ती जागा. आणि शेवटी एक पिल्लू, जे आज कुठल्यातरी झाडीत मोठं झालेलं असेल. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

मी वही मिटली आणि तिला सांगितलं. आधी पिल्लाचं, मग अंकलचं. त्यांनी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, ते शब्द तसेच्या तसे.

ती बराच वेळ पेनचं टोपण काढत-लावत राहिली. मग मराठीत म्हणाली, "आबांना सांगितलंस?"

"नाही."

"कधीच?"

"नाही गं."

"मग मला का सांगतेस?" तिचा आवाज चढला नव्हता. "आबांना सांगायचं होतं. आणि त्या अंकलना." थोड्या वेळाने इंग्लिशमध्ये, "यू स्टिल हॅव हिज नंबर?"

नंबर होता. मिसेस टॅननी तेव्हा पाठवलेला, कधी पुसला नव्हता. इरा समोर बसून राहिली. मी फोन लावला. अंकलनी उचलला. मागे कुठेतरी ड्रिलचा आवाज चालू होता. मी जुन्या घराचा पत्ता सांगितला, जाळी, सिमेंट, मुसांग, सगळं. ते आठवायचा प्रयत्न करत होते. "मॅडम, सो मेनी हाउस, लह," ते म्हणाले. "आय फरगेट ऑलरेडी." हॉकर सेंटर विचारलं. तेही आठवत नव्हतं.

तरी मी सांगत राहिले. तुम्ही विचारलं होतं, मी खोटं बोलले, माझ्या वडिलांनी तुम्हाला दोष दिला आणि मी देऊ दिला. ड्रिल थांबलं होतं. बहुतेक त्यांनी हाताने खूण करून कुणाला तरी थांबवलं असावं.

"युअर फादर?" त्यांनी विचारलं. "नाऊ हाउ?"

मी म्हटलं, ते गेले. दीड वर्ष झालं.

"आयॉ," ते म्हणाले. "सॉरी, मॅडम. सॉरी, हं."

माफी मागायला फोन मी केला होता. मी फोन इराकडे दिला. तिने तो कानाला लावला, "थँक यू, अंकल," म्हणाली, आणि मग वही उघडून निबंधाचं पहिलं पान फाडलं. नवीन पानावर तिने तारीख घातली. मी विचारलं, "काय लिहिणार?"

"जे झालं ते," ती म्हणाली. "तू जा ना आई जरा आत."

मी आत गेले.